बटण न दाबणारी

घरातला नळ गळायला लागला की आमच्याकडे प्लंबरला बोलावतात आणि कुणाशी भांडायचं असलं की मला. बँकेत अडलं, मला फोन. घरमालकानं पाणी तोडलं, मला फोन. शेजाऱ्याच्या कुत्र्यानं आप्पांची चप्पल पळवली, तरी मलाच फोन. मी शाळेची व्हॅन चालवते. मागे पोरांचा बाजार भरलेला असतो आणि पुढे रस्त्यावरचे शहाणे हॉर्न बडवत असतात. अशा धंद्यात आवाज आपोआप तयार होतो. त्याबद्दल मला कुणाची माफी मागायची नाही.

त्या दुपारी शेवटचं पोर त्याच्या आजीच्या ताब्यात दिलं आणि फोन वाजला. धाकटा भाऊ होता.

"ताई, भिंगरी पडली."

भिंगरी म्हणजे त्याची मुलगी. अडीच वर्षांची. जन्मदाखल्यावर चांगलं लांबलचक नाव आहे, पण पायांवर उभी राहिल्यापासून ती गरागरा फिरतेच आहे. एका जागी दिसली तर समजायचं की तो तिचा फोटो आहे.

"कुठून पडली?"

"टेबलावरून. डोक्यावर. बेशुद्ध झाली होती, ताई. तीनदा उलटी झाली. डॉक्टरनं स्कॅन लिहून दिलंय, पण इथली स्कॅनवाली बाई अडून बसलीय. नुसते प्रश्न विचारतेय. तू ये. तूच ये."

मी कशी पोचले ते मला आठवत नाही. व्हॅन वाकडी लावली, तशीच सोडली. जिना चढताना मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. भांडणाची तयारी मी अशीच करते, बाकीचे लोक देवाचं नाव घेतात तशी.

लहान मुलांच्या स्कॅनच्या खोलीबाहेर एक लांब बोळ होता. भिंतीवर बदकं रंगवलेली. खालच्या बदकांचे डोळे पोरांनी नखांनी खरवडून काढलेले. जमिनीला ठोकलेल्या खुर्च्यांवर आमची मंडळी बसली होती. आप्पा, म्हणजे आमचे वडील, हातातली टोपी पिळत होते. त्यांचा उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. धाकटा येरझाऱ्या घालत होता. भावजय भिंगरीला मांडीवर घट्ट धरून बसली होती. भिंगरीच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं आणि ती आईच्या पर्सचा पट्टा चावत होती.

आणि त्यांच्यासमोर जमिनीवर, चक्क फरशीवर, एक बाई उकिडवी बसली होती. पन्नाशीची, पायात खेळाचे बूट, गळ्यात दोरीला चष्मा. हीच ती अडून बसलेली. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरनं स्कॅन लिहून दिलं होतं. हिचं काम ते काढून वाचायचं. पण हिची एक पद्धत होती, ती मला नंतर कळली. लहान पोराला मशीनमध्ये घालण्याआधी ही स्वतः बाहेर यायची, पोर बघायची आणि सगळी हकीगत आईच्या तोंडून पुन्हा पहिल्यापासून ऐकायची. आधीच्या डॉक्टरनं काय लिहिलंय ते बाजूला ठेवून.

ती भावजयीला विचारत होती, "आई, मला एवढंच सांगा. तुमची रोजची मुलगी हीच आहे का? की काही वेगळं वाटतंय?"

भावजयीनं नवऱ्याकडे बघितलं. तोंड उघडलं. आणि ती बोलणार तेवढ्यात मी पोचले.

"काय चाललंय हे?" मी म्हटलं. अख्ख्या बोळात ऐकू गेलं. "पोर डोक्यावर पडलंय, बेशुद्ध झालंय, ओकतंय, आणि तुम्ही गप्पा मारत बसलाय? ते मशीन काय शोभेला ठेवलंय? की चहा प्यायची वेळ झाली तुमची?"

बाई उठली. तिचे गुडघे कडकन वाजले. "आपण कोण?"

"आत्या. पोरीची सख्खी आत्या. आणि तिला काही झालं ना, तर तुमची कायमची आत्या होईन मी."

"अगं, हळू," आप्पा म्हणाले, पण समाधानानं. आपण मागवलेला माल बरोबर आलाय असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"मी आईंना एक प्रश्न विचारला होता," ती म्हणाली.

"आईला काय विचारता? आईची अवस्था बघा! बापाला विचारा, त्याच्यासमोर पडलीय ती. सांग रे."

धाकट्यानं सांगितलं. बेशुद्ध झाली. तीनदा उलटी. बोलताना तो बदकांकडे बघत होता.

आप्पांनी पुस्ती जोडली. "बघा डॉक्टरीणबाई, मी घड्याळजी माणूस. बाहेरून सगळी घड्याळं ठणठणीत दिसतात. उघडल्याशिवाय काय कळतं?"

"घड्याळ उघडल्यानं घड्याळाचं काही बिघडत नाही ना, काका," ती म्हणाली. "हे उघडणं किरणांनी असतं. किरण थोडे असतात, मी ते लहान मुलांच्या मापानं आणखी कमी करते, फक्त डोकं घेते आणि एकदाच घेते. एका स्कॅननं काही होईलच असं नाही. धोका अगदी लहान आहे. पण शून्य नाही. आणि लहान मुलांना तो मोठ्यांपेक्षा जास्त, कारण त्यांचं शरीर अजून वाढतंय आणि पुढे आयुष्य लांबलचक पडलंय. कॅन्सर झालाच तर तो दुसऱ्या दिवशी होत नाही. कधी दहा, कधी पंचवीस-तीस वर्षांनी होतो, आणि तेव्हा कुणालाच कळत नाही कशानं झाला."

"मग ते दुसरं मशीन लावा, बोगद्याचं," आप्पा म्हणाले.

"त्यात किरण नसतात. पण त्यात बराच वेळ हलायचं नाही. ही राहील?"

भिंगरीनं त्याच क्षणी पर्स फेकली आणि खुर्चीच्या पाठीवरून पलीकडे उतरायचा प्रयत्न केला.

"पण तुम्ही सांगताय तसं झालं असेल," बाई म्हणाली, "बेशुद्ध झाली असेल आणि तीनदा ओकली असेल, तर मी त्या लहान धोक्याचा विचारही करणार नाही. आत रक्त साचत असलं तर ते आत्ता कळायला हवं. मग घेऊया." ती धाकट्याकडे बघत होती. "घेऊया ना?"

"घ्या," मी म्हटलं. "एवढंच तर केव्हापासून सांगतोय."

ती आत गेली. मी जिंकले होते. आप्पांनी टोपी डोक्यावर ठेवली.

नर्स आली. तिनं भिंगरीच्या केसांतले चाप काढायला सांगितले, कानातलं काढायला सांगितलं, आणि एक छोटा पातळ सुती झगा दिला. "आत कोण थांबणार पोरीजवळ? आई?" मग तिनं भावजयीला हळूच विचारलं, दिवस गेलेले असण्याची काही शक्यता? भावजय गोंधळली. म्हणाली, सांगता येत नाही. "मग आई नको. दुसरं कुणी?"

"मी," मी म्हटलं.

नर्सनं खुंटीवरून एक अंगरखा काढला आणि माझ्या खांद्यांवर टाकला. मी अक्षरशः वाकले. बाहेरून निळं रेक्झिन, पण आत शिसं भरलेलं. सिमेंटचं पोतं गळ्यात बांधावं तसं.

"हे कशाला?"

"किरण तुमच्या अंगावर पडू नयेत म्हणून. तुमचा फोटो काढायचा नाहीये, मग तुम्ही कशाला उगीच घ्यायचे?"

"आणि पोरीला?"

"पोरीचाच फोटो आहे ना, आत्या. तिला झाकलं तर दिसणार काय?" ती सहज म्हणाली आणि आत टेबल तयार करायला गेली.

मी तशीच उभी राहिले. मी, नव्वद किलोची धडधाकट बाई, जिच्या आयुष्याचा निम्म्याहून जास्त रस्ता मागे पडलाय, मी छातीपासून गुडघ्यांपर्यंत शिशात. आणि ती मूठभर पोर मलमलीच्या झग्यात, उघडे पाय हलवत, कपाळावरचं टेंगूळ बोटानं दाबून बघत. एवढं जड लोढणं माणसाच्या गळ्यात उगाच कुणी घालणार नाही. ती बाई बोलली तेव्हा माझ्या कानांवर शब्द पडले होते, पण मी भांडत होते, आणि भांडताना माणूस ऐकत नाही, फक्त आपली पाळी यायची वाट बघतो. त्या वजनानं मला ऐकू आलं.

भावजय पोरीच्या केसांतला शेवटचा चाप काढत होती. तिच्या हातातून तो दोनदा पडला.

"घाबरू नको गं," मी म्हटलं. "पटकन होतं. बेशुद्ध किती वेळ होती ती?"

तिनं चाप मुठीत घट्ट धरला.

"अगं, किती वेळ?"

"ताई," ती इतकं हळू म्हणाली की मला वाकावं लागलं, आणि त्या अंगरख्यात वाकणं म्हणजे कोसळणंच. "ती बेशुद्ध झालीच नाही. मी बाथरूममध्ये कपडे पिळत होते. धप्प आवाज आला आणि लगेच हिचा भोंगा. मी धावत आले तर ही उभी होती. रडत होती."

"आणि उलटी?"

"एकदाही नाही."

मी बोळात आले. तशीच, शिशात. धाकटा मला बघून मागे सरकला.

"मेल्या," मी म्हटलं. "खोटं बोललास?"

"ताई, ऐक..."

"माझ्याशी खोटं बोललास? मला इथं आणून भुंकायला लावलंस, खोट्यावर?"

"कामावरचा एकजण म्हणाला," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "खरं सांगितलं की नुसतं बसवून ठेवतात आणि घरी पाठवतात. बेशुद्ध आणि तीन उलट्या सांगितल्या की लगेच स्कॅन करतात. त्याच्या मुलाच्या वेळी त्यानं तसंच केलं. ताई, मी तिच्यासमोर होतो. मी मोबाइल बघत होतो. ती खुर्चीवरून टेबलावर कधी चढली मला कळलंच नाही. आवाज झाला तेव्हा मी मान वर केली." तो रडायला लागला, तोंड वाकडं करून, लहानपणी रडायचा तसा. "मला फक्त कुणीतरी सांगायला हवंय की आत काही झालं नाही. एकदा बघू दे. एक फोटो. एका फोटोनं काय मरतंय कुणी?"

आप्पांनी टोपी डोक्यावरून काढली आणि पुन्हा पिळायला लागले. म्हणजे त्यांना माहीत होतं.

आता मला सांगता आलं असतं की मी तडक आत गेले. नाही गेले. मी थांबले. कारण त्याच्या बोलण्यात एक काटा होता आणि तो मला टोचला. आत्ता खरं सांगितलं तर ती बाई स्कॅन करणार नाही. आणि खरंच आत काही झालं असलं तर? आत कुठंतरी थेंब थेंब रक्त साचत असलं आणि मी माझ्या हातानं ते मशीन बंद करून आले तर? खोटं चालू ठेवलं तर निदान आज रात्री सगळे निवांत झोपणार होते. खरं सांगितलं तर पोर गेल्याचं पाप माझ्या माथी येऊ शकत होतं. मी भल्याभल्यांना घाबरत नाही. त्या अर्ध्या मिनिटात मी टरकले होते.

आतून नर्सची हाक आली, "आत्या, या. तयार आहे."

मी गेले. पण पोरीकडे नाही, काचेपलीकडच्या खोलीत. बाई पडद्यासमोर बसली होती. स्क्रीनवर लहान मुलाचं चित्र होतं आणि ती आकडे कमी करत होती.

"थांबा," मी म्हटलं. "ती बेशुद्ध झाली नव्हती. ओकलीही नाही. पडल्या पडल्या रडली, आई आली तेव्हा उभी होती. आम्ही खोटं बोललो."

मला वाटलं आता ही माझी बिनपाण्यानं करणार. मी तिला सगळ्या बोळासमोर नको ते बोलले होते. तिची पाळी होती. मी तर सोडलं नसतं.

तिनं चष्मा काढला. "आईनं सांगितलं?"

"हो."

"मघाशी तेच सांगणार होती ती," बाई म्हणाली. एवढंच. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

मग मी तिला तोच प्रश्न विचारला जो मला टोचत होता. "आणि तरी आत काही असलं तर?"

"असू शकतं," ती म्हणाली. बघा, ती 'काही नाही होणार' म्हणाली नाही. आयुष्यात मला पहिल्यांदा एका डॉक्टरनं फसवलं नाही. "फार कमी शक्यता आहे, पण असू शकतं. म्हणून तिला मी घरी पाठवत नाहीये. संध्याकाळपर्यंत इथंच, डोळ्यांसमोर ठेवायची. मशीन कुठं पळून जात नाही. गरज वाटली तर टेबल इथून वीस पावलांवर आहे. चला, पुन्हा बघूया तिला."

तिनं त्या तरुण डॉक्टरला बोलावून घेतलं, खरं काय ते सांगितलं, आणि दोघांनी मिळून भिंगरीला पहिल्यापासून तपासलं. डोळ्यांत उजेड टाकून बाहुल्या बघितल्या. कानामागे, डोक्याच्या मागच्या बाजूला बोटं फिरवून हाड चाचपलं. मग बाईनं आपलं पेन बोळाच्या टोकाला फेकलं आणि म्हणाली, "आण बघू." भिंगरी सुसाट गेली, पेन घेतलं, आणि ते न देता उलट्या दिशेनं पळाली.

"ही रोजचीच का, आई?"

"हो," भावजय म्हणाली. पहिल्यांदाच मोठ्यानं. "अशीच आहे ती."

"टेंगूळ कपाळावर आहे हेही बरं. तिथलं हाड जाड असतं. आता आपण लक्ष ठेवायचं. उलटी, झोपेतून नीट न उठणं, तोल जाणं, डोकं धरून रडणं, यातलं काहीही दिसलं की हाक मारायची. माझ्यावर ओरडायचं तरी चालेल." हे माझ्याकडे बघून.

मग सुरू झालं ते लक्ष ठेवणं. वाट बघण्याइतकं कठीण काम मी कधी केलेलं नाही. धाकटा पोरीच्या तोंडाकडे असा बघत बसला होता जसं तिथं उकळतं दूध ठेवलंय. आप्पा मधूनमधून विचारत, "भिंगरे, मी कोण?" ती दर वेळी नवं उत्तर देई. 'घोडा' म्हणाली तेव्हा आप्पांचा चेहरा उतरला. भावजयीनं सांगितलं की घरी पण घोडाच म्हणते.

मग ती झोपली. एकदम, पट्टा चावता चावता. तिची दुपारची झोप चुकली होती, हे मलाही कळत होतं. माझ्या व्हॅनमध्ये रोज पोरं अशीच माना टाकतात. पण ते कळून काय उपयोग? झोपलेलं मूल आणि बेशुद्ध मूल बाहेरून सारखंच दिसतं. धाकट्यानं माझा दंड धरला. "ताई, सांग ना तिला. आता तरी स्कॅन करा म्हणावं."

मी बाईला हाक मारली. ती आली, पोरीचा श्वास बघितला, थोडा वेळ झोपू दिलं. मग म्हणाली, उठवा. भावजयीनं हलवलं. उठली नाही. पुन्हा हलवलं. पापणीसुद्धा हलली नाही. बाई वाकली आणि तिच्या तळपायाला गुदगुल्या केल्या, जरा जोरात.

भिंगरीनं डोळे उघडले, समोरच्या परक्या तोंडाकडे रागानं बघितलं, आणि खाडकन लाथ मारली. चष्मा दोरीसकट उडाला.

"उत्तम," बाई नाक चोळत म्हणाली. "हे आत्यावर गेलंय."

त्यानंतर एक घटना घडली ती सांगायलाच हवी. जिन्यावरून आरडाओरडा झाला आणि एक स्ट्रेचर धावत आलं. एक मुलगा, शाळेच्या गणवेशात, रस्त्यावर गाडीनं उडवलेला. मागे त्याची आई अनवाणी. बाईनं या खेपेला उकिडवं बसून काही विचारलं नाही. मुलाकडे एक नजर टाकली, दार पायानं ढकललं आणि स्ट्रेचरबरोबर पळत आत गेली. टेबल मोकळं होतं. दार बंद झालं, वरचा लाल दिवा लागला, आणि थोड्याच वेळात ती बाहेर येऊन फोनवर कुणाला तरी सांगत होती, ऑपरेशनची खोली उघडा, आत्ता. त्या मुलाला तसंच पुढे नेलं. जाताना मी त्याच्या आईचा हात धरला, ती कोण कुठली माहीत नाही. नंतर नर्सनं सांगितलं, वेळेत पोचला, वाचेल.

म्हणजे बाईचा मशीनवर राग नव्हता. मशीन कशासाठी आहे हे तिला माहीत होतं, इतकंच.

शेवटी शेवटी भिंगरीनं बाटलीभर दूध घटाघटा प्यायलं आणि आप्पांच्या टोपीत ओकली.

सगळ्यांनी एकदम टोपीत बघितलं. मग धाकटा ओरडला. बाई धावत आली. तिचा चेहरा मी नीट बघत होते. ती विचार करत होती, आणि तो विचार सोपा नव्हता. तिनं पुन्हा बाहुल्या बघितल्या, पुन्हा चालवलं. दूध किती, किती भरकन, मध्ये रडली का, सगळं भावजयीला विचारलं. या वेळी मी जीभ दाताखाली धरून बसले. भावजयीनं सावकाश, सगळं, नीट सांगितलं.

"एक उलटी, पोटभर दुधावर," बाई म्हणाली. "आणखी थांबूया. दुसरी झाली तर मी स्कॅन करणार आणि तेव्हा कुणी मला अडवायचं नाही."

दुसरी झाली नाही. खिडकीबाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. भिंगरीनं त्या बदकांपैकी एकाचा उरलेला डोळा खरवडून काढला आणि खायला मागितलं.

मला राग कशाचा येतो ते इथं लिहिते, कारण ते लिहिल्याशिवाय माझे आभार खोटे ठरतील. बटण दाबणं तिला सोपं होतं. आम्ही मागत होतो, कागदावर लिहिलेलं होतं, मी गळा काढून बोंबलत होते. दाबलं असतं तर आम्ही तिचे पाय धरले असते, पेढे वाटत घरी गेलो असतो, आणि पंचवीस वर्षांनी काही झालं असतं तरी तिच्या दाराशी कुणी गेलं नसतं. त्या दुखण्याला मागे पत्ताच नसतो. न दाबण्यातच सगळी जोखीम तिची होती. पोरीला काही झालं असतं तर आम्हीच तिला फाडून खाल्लं असतं, सगळ्यात पुढे मी. हे तिला माहीत होतं. आणि गल्लोगल्ली अशी दुकानं आहेत जिथं डोकं दुखलं की डोकं काढा, पोट दुखलं की पोट काढा, आणि पोराला मोठ्या माणसाच्या मापानं भाजून वर हसत हसत फिल्म हातात देतात. त्यांना आपण चांगले डॉक्टर म्हणतो, कारण ते लगेच करतात. आमच्या घरात प्रेम म्हणजे काहीतरी करणं. थांबणं म्हणजे दुर्लक्ष. एका बाईनं आमच्या पोरीसाठी अख्खी दुपार थांबून दाखवलं, आणि त्याबद्दल माझ्या शिव्या खाल्ल्या.

निघताना तिनं धाकट्याला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता झाडणार. ती म्हणाली, "मूल पडतं. माझा मुलगा माझ्या कडेवरून पडला होता. रात्री तिला दोनदा उठवा, नीट उठते का बघा. आणि पुढच्या वेळी डॉक्टरला खरं सांगा, भीती वाटते असं सांगितलं तरी चालतं. आम्ही भीतीवरही उपाय करतो." तो मान खाली घालून हो हो म्हणत राहिला.

मग माझी पाळी. मला आभार मानता येत नाहीत. भांडायची वाक्यं माझी तयार असतात. ही वाक्यं मला कुणी शिकवली नाहीत. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि सुरू केलं.

"तुम्ही ना! तुम्ही काय समजता स्वतःला? एवढं कुणी करतं का कुणासाठी? मी एवढं बोलले आणि तुम्ही एक शब्द नाही? काय माणूस आहात की काय आहात!"

बोळाच्या टोकाकडून वॉचमन पळत आला. "ओ बाई, आवाज खाली! डॉक्टरांशी नीट बोला!"

"आभार मानतेय मेल्या!" मी ओरडले. "दिसत नाही का?"

नर्स भिंतीला टेकून हसत सुटली. बाई हसली नाही. तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला. तिचे हात गार होते. "सकाळी फोन करून कळवा, कशी आहे ते," ती म्हणाली. "माझ्या स्वतःच्या फोनवर करा."

रात्री मी धाकट्याकडेच राहिले. पोरीला उठवलं की ती आमच्यावर खेकसायची, आणि ते खेकसणं ऐकून आम्ही चौघं अंधारात हसायचो.

सकाळी माझ्या फेरीआधी मी फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलला.

"आत्या बोलतेय. पोर बरी आहे. उठली, दूध प्यायली, ओकली नाही. आत्ता आप्पांच्या धुतलेल्या टोपीत पाणी भरून घरभर नाचवतेय."

पलीकडे काही आवाज नाही. मला वाटलं फोन कटला. मग एक श्वास ऐकू आला, लांब, रात्रभर अडवून ठेवलेला. ती झोपली नव्हती. मी ज्या अर्ध्या मिनिटात टरकले होते, ते अर्धं मिनिट तिनं एकटीनं सकाळपर्यंत धरून ठेवलं होतं.

"बरं झालं," ती म्हणाली. आणि जरा थांबून पुन्हा, "फार बरं झालं हो."

मला काहीतरी म्हणायचं होतं. हळू आवाजात, नीट. पण खाली व्हॅनमध्ये आपणच येऊन बसलेलं, त्याच इमारतीतलं पहिलं पोर हॉर्न वाजवायला लागलं होतं, आणि माझा आवाजही फुटत नव्हता.